संस्थापक नसलेली शाळा : येडगावच्या प्राथमिक शाळेची वाटचाल

स्मरणिकेतला संस्थेचा इतिहास बहुधा ठरलेल्या वाटेने जातो. आधी संस्थापकांचे छायाचित्र, मग पायाभरणी कोणत्या पुढाऱ्याच्या हस्ते झाली ते, मग देणगीदारांची नावे आणि शेवटी डॉक्टर, इंजिनिअर, तहसीलदार झालेले माजी विद्यार्थी. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला हा साचा बसत नाही. तिला संस्थापक नसतो. कुणा दानशूराने ती बांधून दिलेली नसते. ती शेतसाऱ्यातून उभी राहते, म्हणजे पैसे गावानेच भरलेले असतात, पावतीवर नाव तेवढे सरकारचे असते.

म्हणून पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात असलेल्या येडगावच्या शाळेची गोष्ट साऱ्यापासूनच सांगायला हवी. मुंबई इलाख्यात १८५५ साली सरकारी शिक्षण खाते निघाले, पण खेडोपाडी शाळा काढायला त्याच्या हाती पुरेसा पैसा नव्हता. पुढच्या दहा वर्षांत त्यावर तोड निघाली ती लोकल फंडाची. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांवर खर्च करायचा. कुकडी आणि मीना नद्यांच्या खोऱ्यातला शेतकरी तेव्हापासून हा आणा भरत आला. शाळा मात्र आधी पोचल्या त्या मोठ्या गावांत आणि बाजारपेठांत. आडबाजूच्या वाडीतल्या कुणब्याच्या, कोळ्याच्या, ठाकराच्या पोराला पाटी मिळायला आणखी दोन-तीन पिढ्या जाव्या लागल्या.

ही विसंगती मोठ्याने बोलून दाखवली ती महात्मा फुले यांनी. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारला सरळ विचारले की, तिजोरी भरतो शेतकरी आणि त्या पैशावर उच्च शिक्षण घेतात वरच्या वर्गातली मुले, हा कुठला न्याय? प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, असे त्यांनी मागितले. शिक्षक होता होईतो शेतकरी समाजातून घ्या, म्हणजे ते लोकांत मिसळतील, हेही सुचवले. काय शिकवावे याची त्यांची यादी आजही वाचण्यासारखी आहे. मोडी आणि बाळबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य. आपल्या शाळेत संस्थापक म्हणून एखादे छायाचित्र लावायचेच झाले, तर ते जोतीरावांचे लावावे असे माझे मत आहे. (ते लावलेले असतेच, पण जयंती-पुण्यतिथीला हार घालण्यापुरते.)

सक्तीला हंटर आयोगानंतरही बराच काळ वाट पाहावी लागली. १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हाती गेल्या आणि खेड्यातली शाळा जिल्हा लोकल बोर्डाची झाली. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘बोर्डाची शाळा’ हा शब्द अलीकडेपर्यंत होता, तो तिथून आला. त्याच वर्षी रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. ठराव कागदावर झाला. वर्गात सर्वांच्या मांडीला मांडी लागायला त्यापुढे किती वर्षे गेली, हे प्रत्येक गावाने आपापल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. स्मरणिकांमध्ये हा भाग सहसा वगळतात. शाळेच्या इतिहासात पोरांना कुठे बसवले जाई यापेक्षा महत्त्वाची गोष्ट दुसरी नाही, म्हणून तो इथे मुद्दाम घेतला आहे.

बोर्डाच्या जमान्यातले गुरुजी म्हणजे निम्मे गाव चालवणारा माणूस. बरेचजण सातवीची ‘व्हर्नाक्युलर फायनल’ पास झालेले. त्या काळी एवढ्या शिक्षणावर शिक्षक होता येई, तलाठी होता येई. पुष्कळ खेड्यांत पोस्टाची पेटीही गुरुजींकडेच असायची. मनीऑर्डर आली की अंगठा तेच घ्यायचे, मुंबईला गिरणीत गेलेल्या नवऱ्याचे पत्रही तेच वाचून दाखवायचे. स्वातंत्र्याच्या आगेमागे गांधीजींच्या मूलोद्योग शिक्षणाचा जोर होता तेव्हा मुले टकळीवर सूत काढायची. शनिवारी वर्ग शेणाने सारवायचा, पोरींनी शेण आणायचे, पोरांनी पाणी. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढायची. एकाच्या आकड्यांची जोड देऊन तिला उभे करायचे आणि झेंडूच्या पाकळ्या वाहायच्या. १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला, सक्ती कागदावर पक्की झाली. तरी सुगीच्या दिवसांत निम्मा वर्ग रानात असायचा, आणि शहाणे गुरुजी त्याबद्दल फार बोलायचे नाहीत.

या काळाचा आपल्याकडे उरलेला पुरावा एकच, तो म्हणजे जनरल रजिस्टर. नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याचा दिवस, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिवस, सोडण्याचे कारण. सुबक हस्ताक्षर, बोरूची शाई. त्यात एक गंमत प्रत्येकाच्या लक्षात येते. जन्मतारखेच्या रकान्यात पानामागून पान १ जून. आईला आठवायचे ते एवढेच की पोर झाले तेव्हा पाऊस तोंडावर होता, किंवा आखाडी उरकली होती. शाळा जूनमध्ये उघडायची, पहिलीत घ्यायला वय भरलेले हवे, मग गुरुजी मागे मोजून १ जून टाकायचे. महाराष्ट्रातली एक आख्खी पिढी त्यामुळे एकाच दिवशी सेवानिवृत्तीचे हिशेब लावते.

पण या रजिस्टरला हसून चालणार नाही. पन्नास वर्षांपूर्वी शाळा सोडलेला माणूस आजही दाखल्यासाठी हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभा राहतो. जातपडताळणीला आजोबांची शाळेतली नोंद लागते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधू लागली तेव्हा राज्यभरातल्या शाळांची कपाटे उघडली गेली. मोडी वाचता येणाऱ्यांचा शोध सुरू झाला, वाळवीने खाल्लेली पाने जपून उलटली गेली. ज्या वह्यांवर वर्षानुवर्षे खडूच्या खोक्यांचा भार होता, त्यांना एका रात्रीत न्यायालयातल्या कागदाची किंमत आली. गावाने यातून एवढे तरी करावे की त्या वह्यांसाठी एक लोखंडी कपाट घ्यावे.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि बोर्डाची शाळा पुणे जिल्हा परिषदेची झाली. फलक बदलला, तपासणीला येणारे साहेब बदलले. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि साऱ्या राज्यातल्या मुलांच्या हातात एकच पुस्तक आले. हे सगळे नियमाप्रमाणे चालले होते. आपल्या शाळेचा खरा इतिहास घडला तो नदीमुळे.

कुकडी प्रकल्पात पाच धरणे आहेत : माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे आणि येडगाव. त्यांतले येडगाव सर्वांत खालचे. वरच्या धरणांचे पाणी इथे येते आणि इथून डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे निघते. कालवा सुमारे अडीचशे किलोमीटरचा. धरण पूर्ण झाले १९७७ साली, भिंतीची लांबी साडेचार किलोमीटरच्या घरात. आपल्या गावाचे नाव सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे ते यामुळेच. उन्हाळा लागला की तिकडच्या वर्तमानपत्रांत ‘येडगावमधून आवर्तन कधी’ हा मथळा येतोच येतो. पाण्याच्या वाटपावरून दोन जिल्ह्यांत भांडणे होतात, आणि ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या त्यांचे नाव त्या भांडणात कुणी घेत नाही.

नदीकाठची काळी जमीन बुडाली. ओझरच्या विघ्नहराच्या पायऱ्यांशी आज जो फुगवटा दिसतो, तो याच धरणाचा. भाविकाला ते दृश्य सुंदर वाटते आणि ते सुंदर आहेही. पण त्या पाण्याखाली बांध आहेत, विहिरी आहेत, पायवाटा आहेत. धरणाचे काम चालू असताना बहात्तरचा दुष्काळ पडला होता. मातीवर राबायला माणसे लांबून आली, त्यांची पोरे शाळेच्या आवाराभोवती घुटमळली, त्यांतली काही पटावर चढली, बरीच चढली नाहीत. जमीन गेलेली घरे दुसरीकडे सरकली. असा काळ रजिस्टरात फार थोड्या शब्दांत येतो. सोडण्याच्या कारणापुढे गुरुजी लिहितात, ‘गाव सोडले’. दोन शब्द. त्या दोन शब्दांत काय काय मावते ते सातबारा बघणाऱ्यालाच कळेल.

नंतर पाणी उपयोगी पडू लागले. फुगवट्यावर मोटारी बसल्या, पाइपलाइनी माळावर चढल्या. ज्या रानात बाजरी आणि मटकी निघायची तिथे ऊस उभा राहिला, मग द्राक्षे, मग टोमॅटो. नारायणगावची टोमॅटोची बाजारपेठ राज्याबाहेर नाव कमावून बसली. विघ्नहर कारखान्याची धुराडी पेटली. आणि याचा शाळेवर जो परिणाम झाला तो कुणी योजला नव्हता. पाणी आले तसे लोक गावठाण सोडून मळ्यांत राहायला गेले. आपापल्या विहिरीशेजारी, उसाच्या कडेला घरे झाली. वेशीतल्या शाळेत पळत येणारी पोरे आता दोन-दोन किलोमीटरवर पांगली. पहिलीतले पोर एवढे अंतर ओढ्या-कालव्यातून एकटे कसे येणार? या भागात मळ्या-वस्त्यांवर एक-दोन खोल्यांच्या शाळा उभ्या राहिल्या त्या या गरजेतून. २००० नंतर सरकारने वस्तीशाळांची योजना आणली. महिना हजार रुपये मानधनावर गावातलीच शिकलेली पोरे-पोरी ‘निमशिक्षक’ म्हणून कुडाच्या खोलीत नाहीतर कुणाच्या पडवीत वर्ग घेऊ लागली. ‘निम’ हा उपसर्ग त्यांच्या पगाराला लागू होता, कामाला नव्हता. या शिक्षकांना सेवेत कायम व्हायला पुढे बराच झगडा करावा लागला, आणि त्यांतल्या कित्येकांनी आपापल्या वस्तीची एक आख्खी पिढी साक्षर केली. स्मरणिकेत सत्कार करायचा तर आधी यांचा करावा.

आजचा पट पाहिला की धरणाने घडवलेली शेती जशीच्या तशी वाचता येते. मळेकऱ्यांची मुले आहेत. पश्चिम पट्ट्यातून, नाणेघाट-माणिकडोहच्या बाजूने मजुरीला उतरलेल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांची मुले आहेत. दिवाळी झाली की बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार येतात. त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात, बैलगाड्या लागतात, आणि त्या कोप्यांतून नाकातोंडावर पाचटाचे ओरखडे घेतलेली मुले शाळेच्या कुंपणाशी येऊन उभी राहतात. त्यांतली काही घरी बंजारा बोलीत बोलतात. बाग छाटायला, टोमॅटो तोडायला आलेल्या परप्रांतीय कुटुंबांचीही मुले आता दिसतात, त्यांची घरची भाषा हिंदीच्या अंगाने जाणारी. म्हणजे बाई ‘पाणी’ शिकवतात तेव्हा एका वर्गात त्या एका वस्तूला निरनिराळी नावे असतात, आणि पहिले पंधरा दिवस बाईच विद्यार्थी असतात.

या मुलांची अडचण हुशारीची नसते, तारखांची असते. शाळेचे वर्ष जूनला सुरू होते, त्यांचे दिवाळीनंतर. शाळेची परीक्षा एप्रिलात, कारखान्याचा पट्टा बहुधा त्याआधी पडतो, म्हणजे हंगाम संपतो. गावाकडच्या शाळेत नाव राहते, मूल इथे असते, आणि दोन्हीकडच्या हजेरीत गैरहजेरी पडते. ‘सतत गैरहजर’ हा जुन्या रजिस्टरातला शेरा वाचताना मला नेहमी वाटते की गैरहजर कोण होते ते नीट तपासायला हवे. अनेकदा मूल हजर होते, वेळापत्रकच त्याच्यासाठी गैरहजर होते. बालकांचा मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानंतर दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, वयाला साजेशा वर्गात बसवावेच लागते. कायदा चांगला आहे. पण कोपीवर जाऊन, ‘पोरगी धाकट्याला सांभाळते, ती कशी येईल’ म्हणणाऱ्या आईची समजूत काढायचे कलम त्यात नाही. ते काम गुरुजींनी आणि बाईंनी पायी केले आहे. धाकट्यालाही घेऊन ये, बसू दे मागे, असे म्हणणारे शिक्षक या तालुक्याने पुष्कळ पाहिले.

भुकेचाही शाळेच्या इतिहासात वाटा आहे. १९९५ पासून ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळू लागला. पिशवी घेऊन बाप रांगेत उभा राहायचा आणि तेवढ्या निमित्ताने पोराची हजेरी विचारायचा. पुढे २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न आले. खिचडीवर विनोद पुष्कळ झाले, शिक्षकांना आचारी केले म्हणून तक्रारीही झाल्या, आणि हिशेबाच्या वह्या खरोखरच डोकेदुखी आहेत. पण दुपारी व्हरांड्यात एका ओळीत बसलेली मुले पाहिली की १९२३ चा ठराव जे सांगत होता ते तांदळाने बरेच पुढे नेले असे म्हणावे लागते. बागायतदाराचा नातू आणि त्याच्याच बागेत मजुरी करणाऱ्याची मुलगी शेजारी बसून एकाच पातेल्यातले खातात, असे गावात दुसरे ठिकाण शोधून दाखवावे. मुलींच्या बाबतीतही अशाच लहानसहान गोष्टी कामाला आल्या. १९९२ पासून दुर्बल घटकांतल्या मुलींना हजेरीमागे रोज एक रुपया भत्ता होता. आज तो हास्यास्पद वाटतो. तेव्हा त्या रुपयाने काही मुलींची चौथी पुरी केली. पुढे एस.टी.च्या मोफत पासाने त्यांना हायस्कूलपर्यंत पोचवले. नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाच्या सबनीस विद्यामंदिरात जाणाऱ्या मुलींचे घोळके हे या दोन योजनांचे चालतेबोलते फळ होते.

सहलींचे भाग्य मात्र या परिसराइतके थोड्यांनाच लाभते. एका बाजूला शिवनेरी, दुसऱ्या बाजूला खोडद. तिथे गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी रेडिओ दुर्बीण, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे जत्रा भरते, गावोगावच्या शाळांची पोरे आपापले प्रयोग मांडतात. टोमॅटोच्या रानातून डोके वर काढून आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा आवाज ऐकणाऱ्या यंत्राकडे बघायचे, हे इथल्या मुलाला इतके नेहमीचे आहे की त्याचे त्याला काही वाटत नाही.

आता पटसंख्येविषयी, कारण ते टाळून इतिहास पुरा होत नाही. पैसा आला तसा गावातला पैसेवाला शाळेबाहेर पडला. २००० साली राज्याने पहिलीपासून इंग्रजी आणले, पुढे सेमी-इंग्रजीचे वर्ग आले, तरी सकाळी मळ्यामळ्यांवर इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या फिरू लागल्या आणि टाय लावलेली मुले त्यांत बसून निघून गेली. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन ठिकाणी मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली होती. खोटे पट उघडे पडले ते बरेच झाले, पण पहिलीतल्या मुलाने नागरिक म्हणून पहिली शाई संशयापोटी लावून घेतली हेही खरे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचा प्रस्ताव आला. तेव्हा वस्त्यांवर विरोधाच्या सभा झाल्या. अशा सभांत सर्वांत मोठा आवाज बहुधा त्यांचा असतो, ज्यांची स्वतःची नातवंडे पिवळ्या गाडीत जातात. हे कटू वाटेल, पण खरे आहे. ज्यांना खरोखर शाळा हवी असते ते त्या वेळी कुणाच्या तरी रानात कामाला असतात.

आणि अंतराचा प्रश्न इथे निव्वळ किलोमीटरचा नाही. उसाबरोबर बिबट्या आला. आज जुन्नर तालुक्यात उसातच जन्मलेले, उसातच वाढलेले बिबटे आहेत. माणिकडोहचे निवारा केंद्र त्यांनी भरले आहे. २०२५ च्या अखेरीस हल्ले वाढले तेव्हा या पट्ट्यातल्या शाळांच्या वेळाच बदलाव्या लागल्या, मुलांना उजेडात घरी पोचता यावे म्हणून. वस्तीवरची शाळा बंद करून पोरांना दोन मैल लांबच्या मोठ्या शाळेत पाठवा, असे कागदावर मांडताना दोन्ही बाजूंनी उभा असलेला ऊस नकाशात दिसत नाही.

माजी विद्यार्थ्यांच्या यादीविषयी एक सूचना. तीत अधिकाऱ्यांची नावे असावीतच, त्यांनी गावाचे नाव काढले. पण जी मुले एका हंगामापुरती इथे शिकली, तिसरीत चार महिने बसून पाढे बारापर्यंत नेले आणि कारखान्याचा पट्टा पडताच गाडीवर बसून निघून गेली, त्यांचीही नावे रजिस्टरात आहेत. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आता शिक्षण हमी कार्ड असते. मूल कुठल्या इयत्तेत होते, काय येत होते, हे त्यावर लिहून ते सोबत द्यायचे, म्हणजे पुढच्या शाळेत त्याला पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू करावे लागू नये. पट्टा पडायच्या आठवड्यात ही कार्डे तयार हवीत, कारण कोप्या एका रात्रीत उठतात. शाळा व्यवस्थापन समितीने ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा फोन नंबर घेऊन ठेवावा आणि निघायची तारीख दोन दिवस आधी बाईंना कळेल एवढी व्यवस्था करावी. गेल्या काही हंगामांत जिथे जिथे हे केले गेले, तिथली मुले पुढच्या दिवाळीनंतर परत आली तेव्हा वही सोबत घेऊन आली.